पश्तो शिकू की कोरियन? दोन्ही आधी मराठीला लावून बघा

पुण्यात आमच्या मजल्यावर कंदाहारहून शिकायला आलेलं एक जोडपं राहायचं. माझी नोकरी तेव्हा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, कोरियन साहेबांच्या हाताखाली. त्यामुळे दिवसा कानावर कोरियन आणि संध्याकाळी जिन्यात पश्तो. दोन्ही शिकायला घेतल्या त्या इंग्रजी पुस्तकांतून, आणि तिथेच माझी दोन वर्षं वाया गेली. ज्या ज्या जागी पुस्तकात ‘हा प्रकार विचित्र आहे, पाठ करा’ असा शेरा होता, त्यातल्या निम्म्याहून जास्त जागी आपण मराठीत रोज तेच बोलतो. इंग्रजी माणसाला ते विचित्र वाटतं. आपल्याला वाटायचं कारण नाही.

दोन्हींपैकी एक निवडायची असेल किंवा दोन्हींची तुलना करायची असेल, तर हा लेख त्या वाटेवर पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्यांसाठी आहे.

सुरुवातीला जवळ काय हवं

- तीन रकान्यांची वही. मधला रकाना मराठीचा, डावा पश्तोचा, उजवा कोरियनचा. इंग्रजीला रकाना ठेवू नका.
- फोनवर दोन कीबोर्ड. पश्तोसाठी पश्तोचाच घ्या, उर्दूवर भागवू नका. कारण पुढे येईल.
- कोरियनसाठी नावेर या कोरियन संकेतस्थळाचा शब्दकोश. पश्तोसाठी बोलणारा एक जिवंत माणूस. तो नसेल तर बातम्यांचं रेडिओ प्रसारण.
- स्वतःचा आवाज टेप करून ऐकायची तयारी.

१. नातं कुठे आहे आणि साम्य कुठे, ते आधी वेगळं करा

पश्तो आपल्या दूरच्या नात्यातली आहे. इंडो-युरोपीय कुळाच्या इराणी शाखेतली, तिच्या पूर्वेकडच्या फांदीवरची. अफगाणिस्तानात ती दरीच्या (म्हणजे तिथल्या फारसीच्या) जोडीने राजभाषा राहिली आहे आणि पाकिस्तानात खैबर पख्तुनख्वा व उत्तर बलुचिस्तानात बोलली जाते. नात्याचा पुरावा रोजच्या शब्दांत सापडतो: नाव म्हणजे ‘नूम’, आठ म्हणजे ‘अत’, घोडा म्हणजे ‘आस’ (आपला अश्व). मला सगळ्यात जास्त आवडलेला शब्द पाण्याचा आहे, ‘ओब’. संस्कृतात पाण्याला ‘आपः’ म्हणतात आणि तो शब्द नेहमी स्त्रीलिंगी, नेहमी अनेकवचनी. पश्तोतलं ‘ओब’सुद्धा स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी! ‘पाणी प्यायलं’ असं म्हणताना क्रियापद ‘प्यायल्या’ अशा रूपात येतं.

कोरियनशी आपलं रक्ताचं नातं नाही. ती कोरियनिक या छोट्याशा स्वतंत्र कुळातली. पण वाक्य रचायची तिची पद्धत आपल्याशी इतकी जुळते की पुष्कळदा मराठी वाक्यात शब्दाजागी शब्द ठेवत गेलं तरी चालतं.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था भाषांना तास लावते: पश्तोला सुमारे ११०० तास, कोरियनला २२००. हा आकडा सगळीकडे फिरत असतो आणि तो बघून लोक कोरियनला घाबरतात. तो हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे. आपल्याला तो लागू होत नाही.

२. कान तयार करा

इथे आठवडाभर तरी थांबा, घाई करू नका.

‘जात’ हा शब्द दोनदा म्हणा. ‘तो घरी जात आहे’ आणि ‘जात-पात’. ज एकच लिहिला, पण आवाज दोन. तसंच ‘चार’ आणि ‘चारा’. चाऱ्यातला च हिंदी भाषकाला प्रयत्न करूनही नीट जमत नाही, आणि आपण शाळेत न शिकताही तो अचूक काढतो. पश्तोला नेमके हेच दोन आवाज लागतात, आणि त्यांना वेगळी अक्षरंही आहेत. चार म्हणजे ‘चलोर’ (चाऱ्यातला च), पाच म्हणजे ‘पिंज’ (‘जात आहे’ मधला ज). माझ्या शेजारीण वहिनींनी माझ्या तोंडून ‘चलोर’ ऐकलं आणि विचारलं, ‘हे तुम्हाला कोणी शिकवलं?’ कोणीच नाही. ते घरातूनच आलं होतं.

ट, ड, ण हेही तिथे आहेत. घोड्यातला ड आणि डाळीतला ड आपण एकाच अक्षराने लिहितो, पश्तोत त्यांना दोन अक्षरं. ष आपण लिहितो पण बहुतेक जण श म्हणतात. कंदाहारी बोलीत तो जीभ मागे वळवून खराखरा उच्चारतात. पेशावरकडे त्याचाच घशातला ख होतो, म्हणून कुणी ‘पश्तो’ म्हणतं आणि कुणी ‘पख्तो’. पहिल्याच दिवशी कुठली बोली धरायची ते ठरवा. दोन्हींची सरमिसळ केली की समोरचा गोंधळतो. मी कंदाहारी धरली, कारण माणसं तिथली होती.

पश्तोतला सापळा ख चा आहे. आपल्या ‘खण’ मधला हवा सोडणारा ख तिथे नाही. तिथला ख घसा खरवडून येतो. बहिणीला ‘खोर’ म्हणताना तो घशातूनच काढा.

कोरियनमध्ये क, त, प, च यांचे तीन-तीन प्रकार आहेत: साधा, आवळलेला आणि श्वासाचा. इंग्रजी पुस्तकं इथे पानंच्या पानं खर्च करतात. आपल्यासाठी तिढा छोटा आहे. आवळलेला तो जवळजवळ आपला ‘क’, श्वासाचा तो ‘ख’. दोन हातात आहेतच. उरला ‘साधा’. तो शब्दाच्या सुरुवातीला क आणि ख यांच्या मध्ये कुठेतरी, खालच्या सुरात येतो, आणि दोन स्वरांच्या मध्ये आला की सरळ ‘ग’ होतो. मेहनत फक्त ह्या एकावर करा. फ मात्र ‘फळ’ मधला घ्या, ओठ मिटून. दातावर ओठ टेकवून येणारा फ कोरियनमध्ये नाहीच, म्हणून कॉफीची तिथे ‘खॉफी’ होते, तीही मिटलेल्या ओठांच्या फ ने.

शब्दांचे आवाज एकमेकांना लागून बदलतात तेव्हा घाबरू नका. ‘कुक’ म्हणजे सार, ‘मुल’ म्हणजे पाणी, पण दोन्ही जोडले की ‘कुंगमुल’, म्हणजे रस्सा. वर्गात हा नियम शिकवताना बाई तक्ता काढत होत्या आणि मला आठवत होतं वाक् + मय = वाङ्मय. क च्या पुढे म आला की क चा ङ. तोच नियम, तीच जागा. शाळेतली व्यंजनसंधी आठवत असेल तर कोरियनचे अर्धे उच्चारनियम तुम्हाला आधीच येतात.

३. लिपी: एक दोन दिवसांत, दुसरी दोन महिन्यांत

कोरियनची हांगुल लिपी तिथल्या राजा सेजोंगने १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. आज पायाभूत अक्षरं २४, त्यातली १४ व्यंजनं आणि १० स्वर. व्यंजनांचे आकार तोंडातल्या अवयवांवरून घेतलेत, म्हणजे आपल्या कंठ्य-तालव्य वर्णमालेमागचाच विचार. स्वर कुठे लावायचा हेही ओळखीचं: ‘आ’ काना दिल्यासारखा उजवीकडे, ‘उ’ उकारासारखा खाली. रोमन लिपीत लिहिलेलं कोरियन वाचत बसू नका. ती सवय नंतर सुटत नाही.

पश्तोची लिपी अरबी-फारसी वळणाची, उजवीकडून डावीकडे. ट, ड, ण यांच्यासाठी अक्षराला बारीक कडं जोडतात. उर्दूत ह्या जागी वेगळी खूण असते, त्यामुळे उर्दू कीबोर्डवर ही अक्षरं मिळत नाहीत. ऱ्हस्व स्वर लिहितच नाहीत, म्हणून शब्द ऐकल्याशिवाय वाचता येत नाही. दहा म्हणजे ‘लस’ आणि हात म्हणजे ‘लास’. आणि ‘ये’ हे एकच अक्षर पाच रूपांत येतं. दमलेल्या पुरुषाला ‘स्तडय’, दमलेल्या बाईला ‘स्तडे’. लिहिताना फरक एवढाच की पहिल्याच्या शेवटच्या ‘ये’ला ठिपके नाहीत आणि दुसऱ्याच्या ‘ये’खाली दोन ठिपके उभे. ते आडवे दिले तर अक्षर ‘ई’चं होतं. ठिपक्यांवर माणसाचं लिंग ठरतं, हे लक्षात ठेवून वाचा.

४. पश्तोचा गड: ‘मी पोळी खाल्ली’

माझ्याकडच्या पुस्तकात या एका मुद्द्याला मोठं प्रकरण होतं. मी तुम्हाला एका ओळीत सांगते: ‘मी पोळी खाते’ पण ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी आंबा खाल्ला’. वर्तमानकाळात क्रियापद खाणाऱ्याकडे बघतं, भूतकाळात खाल्लेल्या वस्तूकडे. आपला कर्मणी प्रयोग. पश्तोतही असंच.

पोळीला किंवा नानला ‘डोडइ’ म्हणतात, आणि ती स्त्रीलिंगी आहे. ‘ज डोडइ ख्वरम’ म्हणजे मी पोळी खाते. ‘मा डोडइ वख्वडला’ म्हणजे मी पोळी खाल्ली. कबाब पुल्लिंगी, म्हणून ‘मा कबाब वख्वोड’. वहीत हे तिन्ही लिहा आणि मधल्या रकान्यात मराठी ठेवा, काही समजावून सांगायची गरज राहत नाही.

पण इथे दोन खड्डे आहेत, आणि मी दोन्हींत पडले.

पहिला खड्डा ‘मी’चा. मराठीत ‘मी’ दोन्हीकडे ‘मी’च राहतो. ‘त्याने’, ‘माणसाने’ यांना ‘ने’ लागतो, ‘मी’ला लागत नाही. पश्तोत ‘मी’सुद्धा बदलतो: ‘ज’ चा ‘मा’ होतो. माणूस ‘सडय’, ‘माणसाने’ म्हणायचं तर ‘सडी’. पुढे ‘ने’ जोडायचा नाही, शब्दाचं सामान्यरूपच पुरतं.

दुसरा खड्डा ‘ला’चा. आपण ‘मी मुलीला पाहिलं’ म्हटलं की क्रियापद नपुंसकलिंगी होऊन बाजूला होतं. पश्तोत ही पळवाट नाही. ‘मा न्जलइ वलीदला’, शब्दशः ‘मी मुलगी पाहिली’. आपल्याकडे हे वाक्य स्थळं बघताना येतं, तिथे ते साधं रस्त्यात दिसलेल्या मुलीबद्दलही असतं. मी महिनाभर मराठी सवयीने क्रियापद अधांतरी ठेवत होते, आणि वहिनी दर वेळी शांतपणे शेवट दुरुस्त करत होत्या.

अव्ययांबद्दल थोडक्यात. आपली शब्दयोगी अव्ययं नामाच्या मागे लागतात. पश्तोत पुष्कळदा दोन्ही बाजूंनी कुंपण असतं: घरात म्हणजे ‘प कोर के’, मेजावर म्हणजे ‘पर मेज बांदे’. षष्ठीचा ‘द’ मात्र आधी येतो. सुरुवातीला पुढचा तुकडा विसरायला होतो. तोंडपाठ करताना तिन्ही शब्द एकत्रच म्हणा.

५. कोरियनचा गड: ‘खाऊन बघा, करून द्या, खाऊन टाकलं’

कोरियनमध्ये लिंग नाही, पुरुषाप्रमाणे क्रियापद बदलत नाही, अनेकवचनाची सक्तीही नाही. ‘मॉगॉस्सॉयो’ म्हणजे खाल्ला, खाल्ली, खाल्लं, खाल्ले, सगळं. पश्तोत जिथे घाम गाळला, तिथे कोरियनमध्ये करण्यासारखं कामच नसतं.

काम आहे ते क्रियापदाच्या शेपटीत, आणि तिथे मराठी अक्षरशः हात धरून नेते. हे बघा:

- ‘मॉगॉ बोसेयो’: ‘मॉगॉ’ म्हणजे खाऊन, ‘बोसेयो’ म्हणजे बघा. खाऊन बघा.
- ‘हे जुसेयो’: करून द्या.
- ‘मॉगॉ बॉर्‍यॉस्सॉयो’: खाऊन टाकलं. ‘बॉरिदा’ म्हणजे खरोखरच टाकून देणं, फेकणं.
- ‘शीजांगे कासॉ’: बाजारात जाऊन.

चव घेऊन बघण्याला ‘बघणे’ का म्हणायचं, हे इंग्रजी वर्गात समजावून सांगावं लागतं. आपण ते आईच्या स्वयंपाकघरात शिकलेलो असतो.

धातुसाधितंही अशीच जुळतात. ‘मॉंग्नुन साराम’ खाणारा माणूस, ‘मॉगुन बाप’ खाल्लेला भात, ‘मॉगुल बाप’ खायचा भात. विशेषण आधी, नाम नंतर, ‘जो-तो’ काही नाही. ‘मी काल वाचलेलं पुस्तक’ हे आपण एका दमात म्हणतो, कोरियनही तसंच म्हणते. पश्तोत मात्र इथे ‘चे’ घालून वाक्य फोडावं लागतं, ‘ते पुस्तक, जे मी वाचलं’ या चालीने.

अवघड जाणारी जागा म्हणजे ‘नुन’ आणि ‘गा’ हे दोन प्रत्यय. ‘गा’ कर्त्याला लागतो. ‘नुन’ विषय मांडतो, ‘माझं म्हणाल तर’ मधल्या ‘तर’सारखा. कुठला कुठे, हे नियमाने पूर्ण येत नाही. वाक्यात मनातल्या मनात ‘तर’ घालून बघा: बसला तर ‘नुन’, खटकला तर ‘गा’. दहातल्या सात वेळा हे मला पुरलं.

६. शब्द: ओळखीचे, आणि ओळखीचे वाटणारे

पश्तोत ‘काका’ म्हणजे काका आणि ‘मामा’ म्हणजे मामा. होकाराला ‘हो’. फारसी-अरबीतून मराठीत आलेले किताब, दुकान, बाजार, दरवाजा, हवा हे तिथेही भेटतात. पण ‘वतन’ ऐकून पाटील-कुलकर्ण्यांचं वतन आठवू नका, तिथे वतन म्हणजे मायदेश. ‘मोर’ म्हणजे आई.

कोरियनमध्ये चिनी मुळाचे शब्द आपल्या तत्सम शब्दांसारखे वापरा. ‘हाक’ म्हणजे विद्या. ‘हाक्सेंग’ विद्यार्थी, ‘हाक्क्यो’ शाळा, ‘तेहाक’ महाविद्यालय, ‘मुनहाक’ साहित्य, ‘क्वाहाक’ विज्ञान. एक तुकडा कळला की पाच शब्द उघडतात. हे वहीत झाडासारखे काढा.

‘ने’ हा मोठा सापळा. कोरियनमध्ये ‘ने’ म्हणजे होय. मराठी आणि पश्तो दोन्ही कानांना न म्हणजे नकार वाटतो. कामावरच्या पहिल्या महिन्यात साहेब ‘ने, ने’ म्हणत होते आणि मी तयार केलेला कागद मागे घेत होते.

आकडे: कोरियनमध्ये दोन संच आहेत. साडेतीन वाजले म्हणताना तास देशी (‘से शी’) आणि मिनिटं चिनी (‘साम्शिप पुन’). वेळ सांगायचा सराव रोज करा, दुसरा उपाय नाही.

७. मान आणि नाती

पश्तोत ‘त’ आणि ‘तासो’, म्हणजे तू आणि तुम्ही. एवढं पुरतं. भेटल्यावरचा खरा मान वेगळ्या जागी आहे: ‘स्तडय म शे’, दमू नका. उत्तर ‘ख्वार म शे’, हलाखी तुमच्या वाट्याला न येवो. बाईला ‘स्तडे म शे’. मी पाठ केलेलं पुल्लिंगी रूप वहिनींना म्हणत राहिले होते, म्हणून आधी लिंग तपासा. कामावरून जिना चढून येताना हे वाक्य ऐकलं की काय वाटतं, ते ऐकल्यावरच कळेल.

कोरियनमध्ये मानाचं शास्त्र मोठं आहे. क्रियापदात ‘शी’ घालून कर्त्याला मान देतात, शिवाय ऐकणाऱ्याप्रमाणे वाक्याचा शेवट बदलतो. मोठ्यांच्या जेवण्याला, झोपण्याला शब्दच निराळे. नवख्याने ‘यो’ने संपणारी वाक्यं धरावीत. घरगुती, ‘यो’ नसलेली भाषा मालिका बघून उचलू नका. ती आपल्या एकेरीसारखी आहे, साहेबाला ‘काय रे’ म्हटल्यासारखं होईल.

नात्यांत आपल्यासारखीच बारीक विभागणी: ‘इमो’ मावशी, ‘कोमो’ आत्या, ‘साम्छोन’ काका, ‘वेसाम्छोन’ मामा. आणि खानावळीत वाढणाऱ्या बाईला कोरियात ‘इमो’ अशी हाक मारतात, आपण मेसमध्ये ‘मावशी’ म्हणतो तशीच. मोठ्या भावंडांसाठी मात्र बोलणारा मुलगा की मुलगी त्यावर शब्द बदलतो. मुलगी दादाला ‘ओप्पा’ म्हणते, मुलगा ‘ह्यॉंग’.

८. निवड कशी कराल

नोकरी हे कारण असेल तर कोरियन. वर्ग, परीक्षा, पुस्तकं सगळं तयार मिळतं. पश्तोला कोरियनच्या ‘टोपिक’ परीक्षेसारखी जगभर एका मापाची परीक्षा नाही, साहित्य विखुरलेलं आहे आणि शुद्धलेखन गावागणिक बदलतं. पण आकाशवाणीची परदेशी प्रसारणं १ ऑक्टोबर १९३९ रोजी सुरू झाली ती पश्तोनेच, इतका जुना आपला तिच्याशी संबंध आहे. आणि लंडइ नावाचं दोन ओळींचं लोकगीत, पहिली ओळ ९ अक्षरांची, दुसरी १३ ची, पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी नाव न लावता रचलेलं. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी घरात ऐकल्यात त्यांना ते ऐकताना भाषांतर लागणार नाही. त्यासाठी पश्तो शिकावी असं मला मनापासून वाटतं.

दोन्ही करायच्या असतील तर कोरियन आधी, सहा महिन्यांनी पश्तो. एकाच दिवशी दोन्हींचा नवा धडा घेऊ नका.

९. वर्ग, परीक्षा आणि कागदपत्रं

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात दोन्ही भाषांत बी.ए. ऑनर्स करता येतं, प्रवेश सीयूईटी या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून. घरी बसून कोरियन करायची तर किंग सेजोंग इन्स्टिट्यूटचे ऑनलाइन वर्ग आहेत.

टोपिक परीक्षेचे दोन भाग. टोपिक-१ मध्ये ऐकणं आणि वाचन, २०० गुण: ८० ला पहिली पातळी, १४० ला दुसरी. टोपिक-२ मध्ये लेखनही येतं, ३०० गुण, पातळी ३ ते ६. निकाल दोन वर्षं ग्राह्य धरतात, म्हणून नोकरीच्या अर्जाच्या फार आधी देऊन ठेवू नका. अर्जासाठी हे जवळ ठेवा:

- पासपोर्ट. नावाचं स्पेलिंग त्यावर आहे तेच, अक्षरन्‌अक्षर. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आधी पासपोर्ट बदलून घ्या.
- अलीकडचा पासपोर्ट आकाराचा फोटो.
- परीक्षेच्या दिवशी मूळ ओळखपत्र. फोनमधला फोटो दाखवून आत सोडतील असं धरून जाऊ नका.
- हांगुलमध्ये लिहिलेलं आपलं नाव. अर्जात ते विचारतात. ‘ळ’ आणि ‘व’ तिथे नाहीत, तेव्हा कुठलं रूप घ्यायचं ते आधीच ठरवा आणि प्रत्येक अर्जावर तेच लिहा.